आमचं झाड कधी पुरं पेटलं नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे झाडाच्या वातीला कागद चिकटवणं. झाड म्हणजे शोभेच्या दारूचं झाड. उभा बांबू, त्याला आडव्या फांद्या, फांद्यांवर नळे आणि चक्र्या, आणि सगळ्यांना जोडत खालून वर गेलेली एकच वात. जत्रेत खाली काडी लावायची, आग वर चढत जाते आणि झाड फुलतं. फुलतं असं लोक सांगतात. आमचं कधी फुललं नाही.

माझी बायको ओट्यावर बसून वातीच्या सांध्यांवर खळ लावून कागद गुंडाळत होती. मी दोरा बांधत होतो. खालचे सांधे झाले. मधल्या फांदीपाशी आली आणि तिनं खळीची वाटी खाली ठेवली.

"मले जरा टेकू द्या," म्हणाली. "पायऱ्या चढल्यावानी दम लागून राह्यला."

ती बसलेली होती. पायरी कुठंच नव्हती. तिथंच मला कळलं की तिचा बऱ्याच दिवसांचा खोकला हा नुसता खोकला नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण हा आजार ज्यांच्या घरात शिरेल त्यांना कोणी सरळ सांगत नाही, सगळे गोड बोलतात. म्हणून लिहितो. मी गोड बोलणार नाही.

खामगावच्या डॉक्टरनं आधी खोकल्याचं औषध दिलं. मग अजून एक बाटली दिली, वेगळ्या रंगाची. मग फोटो काढला, तो उजेडात धरून बघत बसला आणि म्हणाला बुलढाण्याला जा. बोथ्याच्या घाटात एसटी वर चढत होती आणि ही खिडकीला तोंड लावून बसली होती. एवढ्या झाडीतली हवा, पण तिला पुरत नव्हती.

बुलढाण्याला एचआरसीटी केलं. एचआरसीटी म्हणजे छातीचा बारीक फोटो. मशीनच्या गोल भोकात झोपवतात, श्वास धर म्हणतात, सोड म्हणतात. जिला श्वास धरता येत नाही म्हणून आणलं तिलाच श्वास धर म्हणतात. तिनं कसाबसा धरला.

डॉक्टरीण तरुण होती. समोर बसवून म्हणाली, "बाबा, आजींना पल्मनरी फायब्रोसिस आहे. फुफ्फुस स्पंजासारखं मऊ असतं. यांच्या फुफ्फुसाला आतून व्रण पडत चाललेत. जुनी जखम भरल्यावर कातडी कशी कडक होते, तसं ते कडक होतंय. हवा आत जाते, पण रक्तात उतरत नाही."

मी विचारलं, "मागं फिरते का हे?"

"नाही. थोडं सावकाश करता येतं."

एवढंच बोलली. पूर्ण दुखण्यात सरळ बोललेलं माणूस ते एकच.

गावात परत आलो तर गावाकडं निदान आमच्या आधी पोचलं होतं. "तुह्या फटाक्यानंच केलं हे," असं ज्याला त्याला वाटायला लागलं. ज्यांनी जन्मात थर्मामीटर पाहिला नाही ते मला फुफ्फुस समजावून सांगत होते. पुढच्या खेपेला मी डॉक्टरणीला विचारूनच टाकलं. सांगितलं की दारू आम्ही भरत नाही, ते परवानेवाल्याचं काम. खामगावच्या दुकानातून तयार माल आणतो, बांबूवर बांधतो, वर्षातून एकदा पेटवतो. आणि तेही पेटत नाही.

ती हसली. "मग कसल्या धुरानं सांगू? चुलीवर स्वयंपाक किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

"तेही असेल. किंवा दुसरंच काही. या आजारात पुष्कळदा कारण सापडतच नाही, बाबा."

हे मी गावात सांगितलं. कोणाला आवडलं नाही. लोकांना कारण पाहिजे असतं, आणि ते दुसऱ्याच्या घरातलं पाहिजे असतं. तुमच्या घरी असं झालं तर येणाऱ्याला पाणी द्या आणि कारणाची गोष्ट निघाली की उठून बैल बघायला जा. बैल नसले तरी जा.

आता आमच्या हौशी लोकांचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही तिघं. मी, तुळशीराम आणि बबन. तुळशीराम लाइनमन होता, सगळा जन्म विजेच्या खांबावर गेला, त्यामुळं त्याला वाटतं की वर चढवायची कोणतीही गोष्ट त्यालाच कळते. बबन शिंपी. तो प्रत्येक गोष्टीला आधी माप घेतो आणि मग चुकीचं कापतो. मी कोण, तर त्या दोघांचं ऐकणारा गाढव.

हौशी माणसाइतका बिनकामाचा प्राणी दुसरा नाही. धंदेवाल्याचं झाड पेटलं नाही तर त्याचं पोट बुडतं, म्हणून त्याचं पेटतं. आमचं पेटलं नाही तर आम्ही वर्षभर त्याची कारणं सांगत पारावर बसतो. एका साली वारा. एका साली दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला. एका साली चक्रीच्या खिळ्याला गंज, ती फिरलीच नाही, एका जागी थांबून शिमग्यासारखी बोंबलली. एका साली सरपंचाचं भाषण लांबलं आणि तोवर दव पडलं. एका साली म्हैस दांड्याला अंग घासून गेली. पोरं मोबाइल धरून उभी राहतात आणि विचारतात, "आजोबा, सुरू झालं का संपलं?" त्यांचंही बरोबर असतं.

हिनं कधी नावं ठेवली नाहीत. हसायची मात्र पोटभर. दरवर्षी सांध्यांना कागद तीच लावायची, कारण आमच्या तिघांच्या बोटांना तंबाखू आणि चुना. ओल्या बोटानं वात मळली की मेली. आणि झाड तयार झालं की ती त्यावर आपलं जुनं सुती लुगडं टाकायची.

जत्रा जवळ आली तेव्हा दम वाढून तिला बुलढाण्याला भरती करावं लागलं. वॉर्डात ती नाकात नळी घालून पडली होती. डॉक्टरीण तपासायला आली तेव्हा ही म्हणाली, "बाई, मले जत्रेले घरी जाऊ द्या."

"काय आहे जत्रेत?"

"यांचं झाड हाय. इतकी सालं झाली, पुरं पेटलेलं मी अजून पाह्यलं नाही. एकडाव पाहू द्या. मंग तुम्ही म्हणसान तिथं झोपतो."

डॉक्टरणीनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. तिला एवढीच इच्छा होती आणि ती आमच्यासारख्या तीन अडाण्यांच्या हातात होती.

डॉक्टरीण म्हणाली, "ऑक्सिजन आणि आग एका जागी चालणार नाही. नाकात नळी असताना जवळ साधी काडीसुद्धा ओढायची नाही. आणि धूर तर बिलकुल नको. लांब बसवा. बंद खोलीत, काचेतून बघू द्या. जमत असेल तर सोडते."

घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं. त्याला कॉन्सन्ट्रेटर म्हणतात. सिलिंडर नाही, ते हवेतूनच ऑक्सिजन गाळून नळीत सोडतं. दिवसभर घरघर करतं, जात्यावर कोणी बसल्यासारखं. पण विजेवर चालतं, आणि आमच्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे. म्हणून एक सिलिंडर जोडीला ठेवाच. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मिळतं, रक्तात ऑक्सिजन किती ते आकड्यात दाखवतं. ते घ्या, पण सारखं लावून बघत बसू नका. आकडा बघून माणसाला जास्त दम लागतो. बघणाऱ्याला.

झाड शाळेच्या मैदानात उभं करतात. माझ्या पुतण्याचं पक्कं घर त्याच्या अलीकडं आहे, खिडकीला काच आहे. तिथं तिला बसवायचं ठरलं. वाराही मैदानाकडं वाहतो. सगळं जुळलं. राहिलं होतं झाड.

मी तिच्यापाशी, त्यामुळं वरचे सांधे तुळशीराम आणि बबननं केले. मी सांगून आलो होतो, हात धुवा, तंबाखू थुका. तुळशीराम म्हणाला, "मले शिकवू नको बे. मी अकरा हजाराच्या लाइनवर हात ठेवेल माणूस आहो."

जत्रेच्या दिवशी दुपारी मैदानात गेलो. झाड उभं होतं आणि त्यावर काळी प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळलेली, सोयाबीनच्या ढिगावर टाकतात ती.

"हे काय?"

"दव लागू नये म्हणून," बबन म्हणाला. "कालपासून टाकेल हाय. मापानं शिवली."

मी ताडपत्री काढली. आतून थेंब गळत होते. बांबू या सालचेच, अजून आतून ओले. ऊन लागून त्यांचा ओलावा सुटला आणि प्लास्टिकनं तो आतच कोंडला. लुगडं असतं तर हवा खेळली असती. दवापासून वाचवायला गेले आणि घामानं भिजवलं. ही चूक वारा करत नाही, म्हैस करत नाही. ही फक्त हुशार माणसं करतात.

"काऊन रे," मी म्हटलं, "तुमच्या वहिनीचं लुगडं कोठं गेलं होतं?"

तुळशीराम म्हणाला, "तिच्याशिवाय तिची पेटी कोण उघडणार? बरं दिसते का ते?"

मी ताडपत्री झटकून उन्हात टाकली.

दिवेलागणीला काडी लावली. मी मैदानात नव्हतो. पुतण्याच्या घरात तिच्या बाजूला उभा होतो, मशीन घरघरत होतं, आणि ती काचेला नाक लावून बसली होती. तिच्या श्वासानं काच धुरकट व्हायची, मी लुंगीच्या टोकानं पुसायचो.

खालचा नळा उडाला. मग दुसरा. मग खालच्या फांदीची चक्री फिरली, चांगली फिरली, हिरवी-पांढरी. आग वर चढली. दुसरी फांदी पेटली. लोकांनी आवाज केला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की होतंय. तिनं माझा हात धरला.

मधल्या फांदीपाशी आग गेली आणि थांबली. थोडी फुसफुसली. मग काळोख. वरचं सगळं झाड तसंच उभं, ओलं.

मैदानात तुळशीराम आणि बबन एकमेकांवर ओरडताना दिसत होते. आवाज येत नव्हता, नुसते हात हलत होते.

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, मी नळी नीट केली, ती परत हसली.

"पाह्यलं का?" म्हणाली. "माह्या सांध्यापर्यंत बरोबर आली. पुढं तुमचं राज्य."

"पुढच्या साली," मी म्हटलं.

"हाव. पुढच्या साली," ती म्हणाली, पण माझ्याकडं बघून नाही. काचेकडं बघून.

त्यानंतर उन्हाळा लागेपर्यंत ती होती. आधी अंगणापर्यंत जायची, मग दारापर्यंत, मग खाटेवर बसायची. शेवटी परत बुलढाण्याला नेलं. डॉक्टरणीनं मला बाहेर बोलावून सांगितलं की व्हेंटिलेटर लावता येईल, म्हणजे मशीन तिच्यासाठी श्वास घेईल, पण फुफ्फुसच कडक झालंय, त्यातून ती परत येईल असं मला वाटत नाही. मी तिलाच विचारलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं. तुम्हीही विचारा. घरातले पाच जण दारात भांडतात आणि ज्याचा श्वास आहे त्याला कोणी विचारत नाही.

पहाटे गेली. दुपारपर्यंत गावी आणली, दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं.

अशा लिखाणात शेवटी आभार मानतात. त्या डॉक्टरणीचे मानतो. वॉर्डात एक मावशी होती, ती हिची वेणी घालून द्यायची, तिचे मानतो. बाकी ज्यांनी लिंबू, गोमूत्र, ताईत आणि कारणं आणून दिली त्यांनी ती परत घेऊन जावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बसायला यायला लागले. त्याआधी मी माळ्यावरून झाड खाली काढलं. नळे-चक्र्या बबननं जत्रेनंतरच सोडून ठेवल्या होत्या, नुसता सांगाडा आणि जळकी वात राहिली होती. तिची पेटी उघडली, लुगडं काढलं. तोंडातली तंबाखू थुंकली. साबणानं हात धुतले, नखांतला चुना काडीनं काढला. मैद्याची खळ शिजवली, तिच्याच वाटीत ओतली, आणि ओट्यावर बसलो.

तुळशीराम आला. फाटकातच थांबला. "काय करून राह्यला बे?" म्हणाला, हळूच.

"हात धुवून ये," मी म्हटलं.

तो नळावर गेला. मी मधल्या फांदीपाशी नवीन वात धरली आणि पहिला कागद लावला. वाकडा बसला. काढला. परत लावला.