गाव विचारायची चूक

नांदेडहून हैदराबादला निघाले त्या सकाळी आईने मला तीन गोष्टी बजावल्या. डब्यातली भाकरी दुपारच्या आत खा, गळ्यातलं ओढणीखाली ठेव, आणि कुणी खोदून खोदून विचारायला लागलं की पाणी प्यायचं निमित्त करून ऊठ. पहिल्या दोन गोष्टी कुठलीही आई सांगते. तिसरी आमच्या बौद्ध वस्तीतल्या आयाच सांगतात. गाव कोणतं, आडनाव काय, घर कोणत्या गल्लीत, हे प्रश्न शेवटी कुठं जाऊन थांबतात ते आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिपाई होते. ते खिडकीचा गज धरून नुसते उभे राहिले. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "शिक्षण पुरं कर, मग रड." मी अर्थातच आधी रडले.

त्याला आता चौदा वर्षं होतील. नामपल्ली स्टेशनवर उतरले तेव्हा मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश मिळालेली, तेलुगूचं अक्षर न येणारी मुलगी होते. आज विद्यानगरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माझी समुपदेशनाची खोली आहे. भाजी तेलुगूत घेते, रिक्षावाल्याशी इथल्या दखनी उर्दूत भांडते, 'हो'च्या जागी 'हौ' म्हणते. आईचं म्हणणं, पोरगी हातची गेली.

मी काय काम करते हे गावाकडं अजून कुणाला नीट कळलेलं नाही. मावशीला वाटतं मी वेड्यांची डॉक्टर. डॉक्टर मी नाही आणि येणारे वेडे नसतात. नोकरी गेलेला माणूस येतो, मूल गमावलेली बाई येते, कधी सासू-सुनेसकट अख्खं घर येतं, आणि सोफ्यावर कोण कुणापासून किती लांब बसतं त्यावरूनच मला अर्धी हकिगत समजते. मी ऐकते. मध्ये तोंड घालायचं नाही हे शिकायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले, कारण आमच्या घरात सगळे एकदम बोलतात.

ही आठवण अशाच एका जोडप्याची. त्यांना विचारून लिहितेय, नावं तेवढी बदललीत. अंबरपेठेत राहणारे प्रकाश आणि सुनीता. तो सरकारी कचेरीत, ती नर्स. चार महिने दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप पोचवायचं काम नऊ वर्षांच्या लेकीकडं. पप्पांना सांग जेवण झालंय, मम्मीला सांग भूक नाही. मग ती पोर शाळेतही बोलेनाशी झाली. वर्गातल्या बाईंनी चिठ्ठी दिली आणि हे माझ्याकडं आले.

सुनीता म्हणाली, "तसं नाही ओ मॅडम, हे ऐकूनच घेईनात," आणि माझा जीव हरखला. आठवडाभर तेलुगू, इंग्रजी आणि दखनी ऐकल्यावर आपली बोली कानावर पडली की काय होतं ते तुमच्यातले बाहेर राहणारे जाणतात. प्रकाशने फॉर्मवर इथल्या पद्धतीनं आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर लिहिलं होतं. माझ्या दारावरच्या पाटीवरही तसंच आहे. तरी मी विचारून बसले, "अहो, तुम्ही तर आमच्याकडचेच. गाव कोणतं? आडनाव काय तुमचं?"

प्रकाश म्हणाला, "पाणी मिळेल का?" उठून बाहेर गेला, तो आलाच नाही.

ज्या मुलीला आईने हीच युक्ती शिकवून पाठवलं तिला ती ओळखू येऊ नये, याला काय म्हणावं. पाच मिनिटं मी वाट बघत बसले. मग सुनीतानंही पर्स उचलली. "मॅडम, इथं पण तेच का?" एवढंच म्हणाली आणि गेली. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात ते फिरकले नाहीत. मला सारखी ती न बोलणारी पोर आठवायची. वाटलं, फोन करून सांगून टाकावं, अहो, मी पण तुमच्यातलीच. मी अडले की एका वयस्कर तेलुगू डॉक्टरबाईंकडं जाते. त्यांना सगळं सांगितलं. त्या माझ्याशी दखनीत बोलतात. म्हणाल्या, "माफी मांगना है तो माफी मांगो. अपनी कहानी नक्को सुनाओ. नै तो फिर वो लोगांच तुम्हारेकू संभालते बैठते." मला रागच आला. घरी कणीक मळताना पटलं.

फोनवर प्रकाशला म्हटलं, "तो प्रश्न मी माझ्या हौसेपायी विचारला. तुमच्या कामाचा नव्हता. चुकले मी." त्याने फोन ठेवून दिला. पण शनिवारी दोघं आले.

त्या दिवशी सगळी हकिगत कळली. आधीच्या घरात सुनीता गॅलरीत उभी राहून भावाला फोनवर खणखणीत "जयभीम दादा" म्हणायची. महिन्याभरात घरमालकाला अचानक पुतण्यासाठी ते घर हवं झालं. अंबरपेठेत आल्यापासून तिचा फोन वाजला की प्रकाश म्हणायचा, दार लाव, हळू बोल. हळू, हळू ऐकून एक दिवस ती त्याच्याशी बोलायचीच थांबली. म्हणजे मी नेमकं दुखऱ्या जागीच बोट ठेवलं होतं.

मी विचारलं, "हळू बोल म्हणताना तुम्हाला भीती कशाची वाटायची?"

"पोरीची शाळा परत बदलावी लागेल याची," तो म्हणाला.

सुनीता चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ त्याच्याशी बोलली. "मग हे सांगायचं होतं ना मला. मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते." प्रकाश तोंड झाकून रडला. ती त्याच्याजवळ सरकून बसली.

पुढं ते बऱ्याचदा आले. एकदा लेकीलाही आणलं. निरोप सांगायचा कंटाळा आला म्हणून तिने आईबापाला माझ्यासमोर फैलावर घेतलं. सगळं गोडीगुलाबीचं झालं असं मुळीच नाही. आता ते तोंडावर भांडतात. पोर वर्गात इतकी बडबडते की बाईंची दुसरी चिठ्ठी आलीय.

शेवटच्या भेटीच्या दिवशी बाहेर बाकावर तीन-चार माणसं बसली होती. सुनीता चपला घालत होती. प्रकाश दारातून मागं वळला आणि सगळ्यांदेखत मोकळ्या आवाजात म्हणाला, "जयभीम, मॅडम."

मी कोण, कुठली, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. आणि चौदा वर्षांत कामाच्या जागी हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. "जयभीम," मी म्हणाले. माझा आवाज त्याच्यापेक्षा मोठा निघाला. बाकावरच्या माणसांनी मान वर करून पाहिलं आणि परत मोबाइलमध्ये घातली.

आई दर रविवारी विचारते, घरी कधी येतेस. पूर्वी मी तारखा सांगायचे. आता म्हणते, तुझ्याकडं दिवाळीत येते. घरी तर मी इथं आहेच.