लाल टिकल्यांचा फुटपाथ

आमच्या घरापासून ओक ट्री रोडवरची देशी दुकानं चालत पंधरा मिनिटांवर. पण मध्ये फुटपाथच नव्हता, नुसत्या सुसाट गाड्या. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई आठवड्यातच वैतागल्या. "मेथीची जुडी आणायलाही ड्रायव्हर लागतो! माझं तिकीट अलीकडचं कर. पुन्हा काही मी यायची नाही." ड्रायव्हर म्हणजे मी! राग आला, पण त्यांचंही खरंच होतं.

तेवढ्यात टाऊनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं: तुमच्या भागाचा प्लॅन तुम्हीच करा, आम्ही मदत करू. शनिवारी लायब्ररीत मीटिंग. सासूबाई आणि शेजारच्या दोन काकूंना गाडीत कोंबून मी नेलं.

टेबलावर भलामोठा नकाशा. प्लॅनिंगच्या बाईंनी स्टिकर्स वाटले: हवं तिथे हिरवा ठिपका, नको तिथे लाल. मी कॉफी आणायला गेले आणि तिथेच घात झाला. परत येते तर काय! आमच्या दारापासून थेट दुकानांपर्यंत लाल ठिपक्यांची रांग, आणि तिघी खूश.

"अहो आई, लाल म्हणजे नको!"

"काहीतरीच! शुभ कामाला कुणी हिरवी टिकली लावतं का?"

मी नखानं एक ठिपका खरवडायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "लावलेली टिकली अशी ओरबाडू नये गं." सासरे गेले त्या दिवशी कुणीतरी सासूबाईंची टिकली अशीच काढली होती. मी हात मागे घेतला.

मग प्लॅनिंगच्या बाईंना सगळं समजावलं. त्या हसल्या, खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसल्या आणि कुठे भीती वाटते ते विचारत राहिल्या. सासूबाई मराठीत, मी इंग्रजीत. शेवटी बाईंनी नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं: या रस्त्यावर लाल म्हणजे हवं.

सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. इथे दोन वर्षं लागली. फुटपाथचा फोटो नागपूरला पाठवला, तेव्हा कुठे सासूबाई पुन्हा यायला तयार झाल्या.

आल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी घरातून गायब! मी गाडी काढली, काय काय सुनवायचं ते तोंडात तयार. तर नव्या फुटपाथवरून बाईसाहेब येतायत, साडीखाली पांढरे बूट, हातात मेथी.

"आई, बसा गाडीत!"

"तू हो पुढे. मी येते माझी चालत. आणि ऐक, तिकीट पुढे ढकलता येतं का बघ जरा."