बेणं आणि गोळी

माझ्या बायकोले रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरनं एक गोळी लिहून देल्ली. रोज एक, जिवंत आहे तोवर. इतकी महाग, का घरची सारी हळद विकून मोजक्याच गोळ्या हाती येत; बाकीच्या उधारी करून आणो. वर्ध्याच्या औषधवाल्याले मी विचारलं, "दुसऱ्या कंपनीची स्वस्त नाई काय?"

"नाई बाबाजी. पेटंट आहे. दुसऱ्यानं बनवाची नाई."

"बनवता येत नाई?"

"येते ना. पण बनवू देत नाई. शोध लावाले खर्च लागते त्याईले."

"मंग खर्च द्या त्याईचा, वरून इनाम द्या. दुसऱ्याचे हात काऊन बांधता?"

तो हसला. त्याले वाटलं, चौथी शिकलेलं म्हातारं बरळून राह्यलं.

आमच्या गावात हळदीच्या बेण्याले कोणी कोणाले नाई म्हनत नाई. लागवडीच्या टायमाले माणूस रिकामं पोतं घेऊन दारात आला, का त्यात बेणं टाकाचं. पुढच्या साली त्यानं आणून देल्लं तं ठीक, नाई तं नाई. बायको याच रीतीत म्हातारी झाली. तिथंच घात झाला.

सहा महिन्यांनी डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणाले, "आजी, गोळी रोज घेता ना?"

 ती खरं बोलली ते परतीच्या बसमध्ये. दवाखान्याच्या रांगेत तिले वडनेरची एक बाई भेटलती. आजार तोच, पण गोळ्या घ्याची ऐपत नाई. तवापासून ही एक दिवसाआड खाये अन् उरलेल्या तिले देये.

"येडी झाली काय तू?"

"तिनं मांगितल्या. नाई कसं म्हनू?"

"हे काय हळदीचं बेणं आहे?"

"मंग काय आहे? तुमीच सांगा."

 पुढं मी रोज समोर बसून तिले गोळी खाऊ घातली, पण रोग हाताबाहेर गेलता. आधी वडनेरची बाई गेली, मंग ही.

औंदा बीपीची गोळी आणाले गेलतो, तं औषधवाला खुशीत म्हणाला, "बाबाजी, ते पेटंट संपलं. आता साऱ्या कंपन्या बनवतात. लय स्वस्त झाली." डबी काढून दाखवली. तोच रंग, तेवढीच गोळी. म्हणजे तेव्हाही बनवता येत होती. बनवणारे हात होते, ते पेटंटच्या कागदानं बांधून ठेवलते. औषधाले असला कागद लावणाऱ्याईची मले किळस येते.

मी त्याच्या पायरीवर थुंकलो. मंग मनात आलं, यानं काय केलं? चपलेनं पुसलं अन् बीपीची गोळी घेऊन निंगालो.