सॅक्सोफोनमध्ये नसलेला सूर

सॅक्सोफोनमध्ये नसलेला सूर वाजवणारा माणूस आज सकाळी गेला.

सातपाटीचे हरीकाका. आयुष्यभर बोईसरच्या सूतगिरणीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या हळदीला वाजणाऱ्या आमच्या ऑर्केस्ट्रात सॅक्स.

मी त्याच ऑर्केस्ट्रात गाते. अजून गाते, ती त्यांच्यामुळे.

चार वर्षांपूर्वी माझं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण बराच खाली उतरून आला. आमचा ऑर्केस्ट्रावाला नितीन. त्याने माझ्या जागी गायला विरारची एक मुलगी बघूनच ठेवली होती.

मला म्हणाला, "ताई, सातपाटीची हळद करा. जमलं तर बघू."

नाही जमलं तर काय, ते बोलला नाही. मला कळत नाही असं वाटलं असावं त्याला.

पहिलं गाणं आमचं नेहमीचं. माझ्यासाठी पट्टी उतरवली. धृपदाची ओळ शेवटी पार तळाला जाते. तो तळाचा सूर आधी सॅक्स देतो, मग मी उचलते.

नवीन पट्टीत नेमका तोच सूर सॅक्सच्या शेवटच्या सुराच्याही अर्धा सूर खाली गेला. म्हणजे बाजात तो सूरच नाही.

अशा वेळी सगळे सॅक्सवाले वरच्या सप्तकात वाजवून मोकळे होतात. प्रॅक्टिसला काकांनीही तेच केलं. त्यांच्या मागोमाग मी वर गेले आणि आवाज फाटला.

तीनदा.

कीबोर्डवरून सूर देऊन बघितला, पण ढोलकी आणि बेंजोच्या गदारोळात मला तो ऐकूच येईना. नितीन मोबाइल बघत बसला. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडले.

काका मागून आले. "बाय, वरचा सूर कानात गेला का तू वर जातेस. तुजी चूक नाय. मलाच खाली याया लागेल."

दोन दिवसांनी गिरणीतून पुठ्ठ्याची एक नळी घेऊन आले. सूत गुंडाळतात ती. म्हणाले, बाजाची लांबी वाढली का सूर उतरतो. नळी सॅक्सच्या कर्ण्यासारख्या तोंडात खुपसायची, फुंकायचं, मोबाइलच्या ट्यूनरवर बघायचं, मग ब्लेडने थोडी कापायची. दोन नळ्या वाया गेल्या. तिसरी बसली.

पण नळी आत असली की त्यांचा नेहमीचा तळाचा सूर बिघडायचा, आणि तो पुढच्याच ओळीत लागायचा. म्हणजे दर धृपदाला चार मात्रांत नळी आत, लगेच बाहेर. साठीला टेकलेला माणूस घरी बसून हे घोटत होता. काकी वैतागल्या होत्या.

हळदीचा दिवस. मांडव भरलेला.

पहिलं धृपद. नळी आत, सूर आला, मी उचलला. नळी बाहेर.

दुसरं. तेही निभावलं.

तिसऱ्याला फुंकून फुंकून ओली झालेली नळी वाकली, सटकली आणि खुर्च्यांखाली घरंगळत गेली.

चार मात्रा.

नितीन माझ्याकडे बघत होता. मी काकांना मानेने खुणावलं, वरच वाजवा. जे व्हायचं ते होईल.

काकांनी डावा पाय उचलला. ज्या गुडघ्यामुळे वर्षभर जिना चढत नव्हते, तोच गुडघा. त्यावर सॅक्सचं कर्ण्याचं तोंड दाबून अर्धं झाकलं, तसंही सूर उतरतो, आणि एका पायावर उभं राहून फुंकलं.

सूर जाडाभरडा होता, थोडा थरथरत होता. पण बरोबर तिथेच होता. मी धरला आणि सोडला नाही.

पोरांना वाटलं काका नाचतायत. शिट्ट्या पडल्या.

नंतर मी भांडले. "गुडघ्याने होतं, तर नळ्या कशाला कापत बसलात?"

"गुडगा धड असता तं कशाला कापल्या असत्या?"

विरारची मुलगी विरारलाच राहिली.

मला वाजवत न्या, हे काकांनी सांगून ठेवलं होतं. आज बंदराच्या वळणावर ऑर्केस्ट्राच्या पोरांनी तेच गाणं धरलं. नितीनने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी गायला लागले.

धृपदाला नव्या सॅक्सवाल्याने सूर वरच्या सप्तकात घेतला. त्याची काही चूक नाही. बाजात तो सूर नाहीच.

माझा कान वर जाऊ बघत होता. आज खालचा सूर देणारं कोणी नव्हतं.

मी खालीच गेले. एकटी. आणि सूर होता तिथेच सापडला.

हरीकाका, शेवटचा नमस्कार.

पाय खाली ठेवा आता.