अजून न पोचलेली गोळी

कटंगीच्या बाजारात मिरच्या घेत होतो, तवा मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमचे महादूजी गेले." तुमचे म्हणालं... मी मिरच्या तराजूतच सोडल्या अन् बस गाठली. आता तेरवी होऊनही महिना लोटला. गावचे मास्तर म्हणत होते, तुम्ही सांगा, मी लिहून देतो. मी नाही म्हणालो. तिसरीच शिकलो असलो तरी माह्या माणसाबद्दल मीच लिहीन.

महादूच्या अन् माह्या धानाच्या बांध्यांमधात एकच धुरा, दोघांच्या शेताले मिळून एकच मातीचा बांध. सन साठ-पासष्टच्या सुमाराले खाणीकडचे ठेकेदार रायफली घेऊन शिकारीले येत, अन् आम्ही दोघं हाका करायले जात असू. झुडपं बडवायची, ससे-तितर उठवायचे, एवढंच आमचं काम. बंदुकीले आमचा हात कधी लागला नाही. पण संध्याकाळी खळ्यावर बसलो का शिकारी आम्हीच! आमच्याकडे रीत अशी, का आपला निशाणा आपण सांगायचा नाही, जोडीदारानं सांगायचा. ज्याचा निशाणा, त्यानं बाजूले बसून नुसतं 'हौ' म्हणायचं. हौ आला का गोष्ट पुढं सरकली, नाही आला का तिथंच मोडली. सांगायची कला महादूची, म्हणून त्याच्या साऱ्या गप्पांत नेम माहाच.

"ह्यानं तिरोडीच्या टेकडीवरून गोळी सोडली, तवा ससा पिल्लू होता," महादू सुरू करे. "मी बिडी पेटवली, टेकडी उतरलो, नाला ओलांडला... गोळी पोचली तवा सशाचे नातू त्याले घेरून बसले होते!"

"हौ," मी तोंड गंभीर ठेवून म्हणे.

"अन् ते तितर? गोळी पाहून झाडामागं लपलं. गोळीबी झाडाले वळसा घालून गेली!"

"हौ."

लोक पोट धरून हसत. कोणी मले निशाणेबाज म्हणत. खोटं लिहीत नाही, हळूहळू मी तसा छाती काढून चालूही लागलो होतो.

एकदा धान चुरून झालं होतं अन् एक ठेकेदार दुपारीच खळ्यावर येऊन बसला. महादूची गप्प ऐकून तो खूप हसला, अन् रायफल माह्या हातात देऊन म्हणाला, "चल पहलवान, अब दिखा." दूर धुऱ्यावर गाडगं पालथं ठेवलं. ही गप्प आहे साहेब, एवढं म्हणायले काय लागत होतं? पण अर्धं गाव पाहत होतं. मी घोडा दाबला. असा धक्का बसला का मी मागच्या तणसाच्या ढिगात उताणा, पाय आभाळाकडे. गाडगं होतं तिथंच.

हसण्याचा गदारोळ उठला. तेवढ्यात महादू उभा झाला, डोळ्यावर हात धरून गाडग्याकडे पाहू लागला. "काहून हसता रे? लांबचा निशाणा आहे. गोळी अजून पोचली नाही... खरं ना गा?" अन् त्यानं माह्याकडे पाहिलं.

सारे माह्याकडे पाहू लागले. एक हौ म्हटलं असतं तर ते सारं हसू आमच्या बाजूचं झालं असतं. मी अंगावरचं तणस झटकलं अन् चालता झालो.

नंतर आम्ही बोललो, लग्नांत एका पंगतीले बसलो, बांधीचं पाणी वाटून घेतलं. पण माह्या निशाण्याची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. धुऱ्यावरचं गाडगं मात्र राह्यलं. पावसात फुटलं का तो नवीन ठेवे. मले वाटे, चिडवून राह्यला. मी त्या बाजूनं जाणंच सोडलं.

तेरवीच्या दिवशी त्याची सून मले म्हणाली, "काकाजी, यंदा गाडगं फुटलं. आता ठेवू का नको? मामाजी म्हणत, माह्या दोस्ताची गोळी अजून वाटेत आहे, येईल तवा निशाण जागेवर पाहिजे."

तो माह्या इज्जतीची राखण करत होता, अन् मी धुऱ्याकडे पाठ फिरवून बसलो होतो.

पुढच्या बाजारातून गाडगं आणलं अन् धुऱ्यावर पालथं ठेवलं. आता रोज तिथं जाऊन बसतो. येणारे-जाणारे विचारतात, बाबा, हे कशाले?

"गोळी येऊन राह्यली," मी सांगतो.

ते हसून पुढं जातात. मी गोष्ट तिथंच थांबवून बाजूले पाहतो. हौ म्हणायले कोणी नाही.