भावजींच्या अर्जात भावजीच नव्हते

माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. घरातही त्यांचा हात असाच गुपचूप चालतो. करकरणारं कपाट एके दिवशी मुकं होतं, गळका नळ थांबतो, आणि विचारलं तर म्हणतात, "असेल झालं." कुणाच्या लक्षातही आलं नाही तरच काम चांगलं झालं, असं त्यांचं मत.

महिनाअखेरीस त्यांच्या कंपनीची इथली शाखा बंद होणार होती. किती ठिकाणी रेझ्युमे पाठवला, पण कुणाचं उत्तर नाही. अशात एका हॉस्पिटलला लिफ्टसाठी माणूस हवा असल्याचं कळलं. अर्ज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. मी मटार सोलत बसले होते, तर भावजींनी कागद पुढ्यात ठेवले.

"वहिनी, शुद्धलेखन तेवढं बघा."

दोन पानं भरून लिफ्टच्या कंपन्या, मोटारींचे प्रकार, पॅनेलची नावं.

"भावजी, ही लिफ्टची माहिती झाली. यात तुम्ही कुठल्या मजल्यावर आहात?"

"हे सगळं येतं ना मला."

"येऊन केलंत काय?"

"दुरुस्त्या. लिफ्टमध्ये नाचणार थोडाच?"

मी पिच्छा सोडला नाही. तेव्हा कुठे एक हकीकत बाहेर आली. एका इमारतीची लिफ्ट सारखी अडकायची. मोटार बदलली, पॅनेल बदललं, तरी तेच. भावजी तिसऱ्या मजल्यावर सकाळभर नुसते बसून राहिले. झाडणाऱ्या बाई कचरा दाराच्या खाचेत लोटत होत्या, म्हणून दार पुरतं मिटत नव्हतं. खाच साफ केली, बाईंना समजावलं, तक्रार संपली.

"हे लिहा."

"छे, स्वतःचीच आरती ओवाळल्यासारखं वाटतं."

"देवापुढे मीपणा नको, हे मीच रोज म्हणते. पण हॉस्पिटलवाले काही अंतर्यामी नाहीत. त्यांना सांगावंच लागतं."

कुरकुरत त्यांनी एक पान काढून टाकलं आणि तिथे ती हकीकत थोडक्यात लिहिली.

पुढच्या आठवड्यात भावजी मुलाखतीला जाऊन आले.

"काय म्हणाले?"

"खाचेबद्दलच विचारत होते."

एवढंच. मी ते देवाच्या कानावर घातलं.

आज पहिली तारीख. सकाळी बघते तो भावजी इस्त्रीचा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बूट चढवताहेत.

"कुठे निघालात?"

"हॉस्पिटलला. कामावर."

"म्हणजे नोकरी लागली? आणि घरात कुणाला पत्ता नाही?"

"असेल लागली," म्हणाले, आणि हसत जिना उतरले.