क्रॉयडनचे काका आणि चौथा विषय

क्रॉयडनच्या काकांनी जितकी पोरं डॉक्टर करायला घेतली, तितकी इंग्लंडातल्या एखाद्या मेडिकल कॉलेजनेही घेतली नसतील. काका स्वतः डॉक्टर नाहीत. ते एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहेत, रक्त दिसलं की भिंत धरतात, आणि फ्लूची लस टोचून घेताना काकूंचा हात मागतात. पण आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मूल पंधरा-सोळा वर्षांचं झालं, की आईबाप शाळेतल्या शिक्षकांना भेटण्याआधी काकांना भेटायला येतात. का, तर काकांची मुलगी डॉक्टर झाली. डॉक्टर झाली मुलगी, आणि तज्ज्ञ झाला बाप. आपल्या माणसांत हे असंच चालतं, आणि मला त्याचा पहिल्यापासून संताप आहे.

काका बाबांचे मित्र. मूळचे नागपूरचे. अर्धं आयुष्य इथे गेलं तरी त्यांची भाषा सीताबर्डीहून अजून निघालेली नाही. ट्रामच्या थांब्याजवळच्या त्यांच्या घरात दर रविवारी दुपारी दरबार भरे. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा एक उंच सांगाडा उभा आहे. कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेच्या सामानातून काकांनी तो उचलून आणला. त्याचं नाव जावईबापू. काकू त्याच्या खांद्यांवर ओले टॉवेल वाळत घालतात, आणि काका ते टॉवेल बाजूला सारून मुलांना बरगड्या मोजायला लावतात. मूल बरगड्या मोजत असताना काका त्याच्या आईला विचारतात, "वांगं खाते का हा?" नाही म्हटलं की काकांचा चेहरा पडतो. "डॉक्टरला वांगं खाता आलं पाहिजे, वहिनी. नको ते समोर आलं तरी तोंड वाकडं करायचं नाही, ही सवय घरूनच लागते." एका बिचाऱ्या मुलाला त्या दुपारी काकूंनी केलेलं भरलं वांगं काकांच्या देखरेखीखाली खावं लागलं होतं. त्याने ते खाल्लं, आणि पुढे तो वकील झाला.

मुलाखतीचा सराव हे काकांचं खरं रंगमंचीय कार्य. आधी ते टाय लावून प्रोफेसर होत, मग टाय सोडून सोफ्यावर आडवे पडत आणि पेशंट होत. समोरच्या मुलाने त्यांना सांगायचं, की ऑपरेशन फसलं आहे. काका ती बातमी ऐकून असे हमसून रडत, की मूल घाबरून "सॉरी काका, सॉरी, ठीक आहे ऑपरेशन!" असं म्हणून मोकळं होई. मग स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येई, "अहो, मरणं आटपा. पोळ्या गार होऊन राहिल्या." कॉलेजं बघायला जायचं असेल, तर काका स्वतःच्या गाडीतून नेत. कुणाचंही मूल, कुठलंही गाव. सोबत दशम्या, चटणी, आणि गाडी लागणाऱ्यांसाठी आवळासुपारी. एका कॉलेजात प्रोफेसरबाईंनी पालकांना प्रश्न विचारायला सांगितलं. इतर पालक परीक्षेबद्दल विचारणार, तेवढ्यात काका उठले आणि म्हणाले, "पोरांना रात्री गरम जेवण भेटते की नाही?" इंग्रजीतच विचारलं, पण नागपूर ऐकू आलं.

अशा माणसावर रागावणं सोपं नसतं. मी ते कष्टाने करत आले आहे.

इथे अकरावी-बारावीला सिक्स्थ फॉर्म म्हणतात, आणि तिथे सर्वसाधारणपणे विषय घ्यायचे तीन. मेडिकलला जायचं तर बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागते, पुष्कळ ठिकाणी बायॉलॉजीही लागते, आणि तिसरा विषय बऱ्याच कॉलेजांना तुमच्या आवडीचा चालतो. मार्क मात्र तिन्हींत उत्तम हवेत. यात काही गुपित नाही. कॉलेजं हे उघड सांगतात. पण काका सांगत, विषय चार. केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स, मॅथ्स. "घराला भिंती किती? चार ना? तीन भिंतींचं काय होते? बसस्टॉप होते, बाप्पा!" त्यांच्या वेळी नागपुरात बारावीला हाच ग्रुप होता. तो त्यांनी लोणच्याच्या बरणीसारखा सांभाळून समुद्रापार आणला होता, आणि इथली हवा वेगळी आहे हे त्या बरणीला कोणी सांगितलं नव्हतं. टोस्टर घेण्याआधी आठवडाभर रिव्ह्यू वाचणारी आपली शिकली-सवरलेली माणसं पोरांची दोन वर्षं त्या बसस्टॉपच्या विनोदावर सोपवून घरी जात. पोरं चार विषयांखाली वाकत, हव्या त्या तिन्हींतले मार्क खाली येत, आणि मग आईबाप म्हणत, याच्यातच दम नव्हता. ज्या देशात डॉक्टरची वेळ मिळवायला सकाळी आठला फोन हातात घेऊन बसावं लागतं, त्या देशात डॉक्टर होऊ बघणाऱ्या पोरांच्या वाटेत आपणच दगड टाकायचे! सरकार जागा तुटपुंज्या ठेवतं, त्याचा जाब सरकारला विचारूच. पण हा दगड सरकारने टाकलेला नव्हता. तो आपल्या घरचा होता.

मग माझ्या धाकट्या बहिणीची, रेवाची, पाळी आली. रेवाला डॉक्टर व्हायचंच होतं. तिला कोणी ढकललं नव्हतं. आणि तिला इतिहास आवडायचा, इतका की जेवताना ती कुठल्याशा जुन्या साथीच्या रोगाबद्दल सांगू लागली की आई ताटावरून उठायची. "पेशंटला पण आधी काय झालं तेच विचारतात ना, ताई?" ती म्हणायची. केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इतिहास, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. काकांनी ते ऐकलं आणि जावईबापूंकडे असं पाहिलं, की तोही दचकला असेल.

"इतिहास? इतिहास वाचून कोणाचा ताप उतरला का आजवर?"

"काका, पण आय रिअली लाइक इट."

"आवडते तर रविवारी वाच ना, बेटा. मला कबड्डी आवडते. म्हणून काय बँकेत कबड्डी खेळून राहिलो मी?"

सगळे हसले. रेवाही हसली, आणि त्या हसण्यात तिचा इतिहास गेला. बाबांनी मान डोलावली. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा रेवा कडेवर होती, आणि घर मिळेपर्यंत काकांनी आम्हा चौघांना त्याच पुढच्या खोलीत ठेवून घेतलं होतं. अशा माणसाला बाबा नाही कसं म्हणणार? उपकार बाबांवर झाले होते. ते फेडायला मात्र रेवाला बसवलं.

सप्टेंबरात सिक्स्थ फॉर्मचं कॉलेज सुरू झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात रेवा केमिस्ट्रीच्या पहिल्या टेस्टमध्ये आपटली. आदल्या दिवसभर ती फिजिक्सच्या गणितांत अडकली होती. तिच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की विषय बदलायचे असतील तर या महिन्यात बदल, नंतर नाही. आणि मेडिकलच्या अर्जावर आम्ही तुझे जे अपेक्षित मार्क लिहू, ते या कामावरूनच लिहू. रेवा घरी येऊन जिन्यात बसली. "ताई, मी नाही होणार डॉक्टर. मी स्लो आहे." स्लो! माझी बहीण, जिच्या प्रश्नांना घाबरून पाहुणे टॉयलेटमध्ये जाऊन बसतात, ती स्वतःला स्लो म्हणत होती. त्या एका शब्दासाठी मी काकांना माफ करणार नव्हते.

त्याच आठवड्यात वेम्बलीच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा गणपती होता. मी पत्रक काढलं. वर ठळक अक्षरांत 'तीन विषय पुरतात!' आणि खाली कारणं. आरती झाल्यावर दाराशी उभी राहून वाटलं. लोकांनी ते सौजन्याने घेतलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं. एका बाईंनी विचारलं, "ट्यूशनचं आहे का गं? पहिला क्लास फ्री असतो का?" काकांनी मात्र तिथेच उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "आली आमची पत्रकवाली!" ते म्हणाले. "लिहिते छान, पोरी. पण पत्रक वाटून डॉक्टर नाही होत कोणी." मग त्याच पत्रकावर त्यांनी खिरापत घेतली, आणि अर्धी मला दिली. मी ती खाल्ली नाही. निदान त्यांच्यासमोर नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी आई, बाबा आणि रेवा, तिघांना क्रॉयडनला ओढून नेलं. ट्राममध्ये मी मनात भाषणाची उजळणी करत होते. भाषण जोरदार होतं. काकांच्या घरी त्या दिवशी त्यांची मुलगी आलेली होती. ती साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात असते. सुट्टीला घरी येऊन केस न विंचरता टेबलाशी बसून ती वरण-भात खात होती, आणि खाता खाता तिचे डोळे मिटत होते.

"काका, उद्या शेवटचा दिवस आहे," मी बसण्याआधीच सुरुवात केली. "रेवा फिजिक्स आणि मॅथ्स सोडून इतिहास घेणार. तुम्ही बाबांना सांगा, की चालेल."

"काहून सांगू? माझ्या पोरीनं चार केले. झाली ना डॉक्टर? ही पाहा, बसली आहे समोर."

मुलीने ताटातून मान वर केली. "चार? बाबा, मी तीनच केले."

"काय बोलून राहिली तू?"

"फिजिक्स मी पहिल्या वर्षानंतर सोडला. सगळेच सोडायचे. तेव्हा सिस्टिमच तशी होती, आधी चार घ्यायचे, मग एक ड्रॉप. आता तर ते पण नाही. आता पहिल्यापासून तीन."

"रिझल्टच्या दिवशी तू मला चार ए सांगितले."

"तीन त्या वर्षाचे. फिजिक्सचा आधीच्या वर्षाचा. मी सांगत होते तुम्हाला. पण तुम्ही पेढे वाटायला निघाला होता, बाबा. कोणाचं ऐकत होता तुम्ही?"

मुलीने भातावर आणखी वरण घेतलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "मला माहीत होतं."

काका वळले. "मग मला काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही तिला पाचवा घ्यायला लावला असता."

आई हसली आणि लगेच तोंडावर पदर असल्यासारखा हात धरला. मी हसले नाही. मी भाषणाची वाट बघत होते, पण ते काही केल्या येईना. इतकी वर्षं, इतक्या घरांतली पोरं, ते सगळं चार विषयांचं ओझं, एका बापाने निकालाच्या दिवशी नीट ऐकलं नाही म्हणून! मुलगी रेवाकडे बघून म्हणाली, "हिस्टरी घे ना. मला हॉस्पिटलात आजपर्यंत कोणी विचारलं नाही तुझा थर्ड सब्जेक्ट काय होता," आणि पुन्हा भाताकडे वळली. काकांनी जावईबापूंच्या खांद्यावरचा टॉवेल उतरवून त्याची घडी घातली. "म्हणजे एवढ्या पोरांना मी..." ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच राहिलं. मग बाबांना म्हणाले, "जाऊ दे रे तिला. पोरगी म्हणते ते कर."

सोमवारी रेवाने विषय बदलले. केमिस्ट्रीचं काय होईल ते पुढे कळेल. पण संध्याकाळी ती दप्तरही न काढता जिन्यात इतिहासाचं जाड पुस्तक उघडून बसली होती, आणि आईला पुन्हा एकदा साथीच्या रोगासकट चहा प्यावा लागला.

पुढच्या रविवारी काकांचा मला फोन आला. "पोरी, येते का? एकटीच ये." मी गेले, रागाला धार लावूनच गेले. घरात दरबार नव्हता. त्या दिवशी यायचं होतं त्या कुटुंबाला काकांनी कळवलं होतं, की मला यातलं काही समजत नाही, शाळेत विचारा. काका सोफ्याच्या कडेला मोबाइल घेऊन बसले होते. "मी सांगितलं म्हणून ज्यांनी चार घेतले आणि ज्यांचं हुकलं," काका म्हणाले, "त्यांच्या घरी फोन करायचे आहेत. तू इथं बस."

"मी कशाला, काका? मी काही तुमच्या बाजूने बोलणार नाही."

"माझ्या नाही, बाप्पा. त्यांच्या बाजूनं बस. मी सारवासारव करताना दिसलो, की टोक मला. ते येते तुला."

पहिला फोन ज्या बाईंना लावला, त्यांच्या मुलाचं मेडिकल थोडक्या मार्कांनी गेलं होतं. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला. "वहिनी, मी तुम्हाला चार विषय सांगितले होते ना, ते चूक होतं. तीन पुरत होते. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही कोणाला." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग बाई म्हणाल्या, "अहो भाऊजी, आता कशाला ते? मजेत आहे तो. नोकरी चांगली आहे, घराचं बघतोय." मग त्यांनी काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

काका मोबाइल मांडीवर ठेवून बसले. "मजेत आहे म्हणाली," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमची चूक नव्हती, असं नाही म्हणाली."

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. टोकावं असं त्यांनी काही केलं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पुढचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली, आणि मी, रविवारच्या त्या रिकाम्या खोलीत त्यांच्या शेजारी बसलेली, मनातल्या मनात म्हणत होते, कोणी उचलू नका.